पावसाळ्यात गूळ का पाझरतो? : काकवी, काच आणि थांबलेली गर्दी

एप्रिलच्या अखेरीस कोल्हापुरात पारा अडतीस अंशांच्या पुढे जातो, तरी डब्यातला गुळाचा खडा फोडायला बत्ता हाती घ्यावा लागतो. जुलैत पावसाची झड लागते, पारा पंचविसाच्या आसपास उतरतो, आणि तोच गूळ बोटाने दाबला तरी दबतो, कागदाला चिकटतो, काही दिवसांनी डब्याच्या तळाशी तपकिरी पाक धरू लागतो. तूप, मेण, डांबर हे सारे उन्हाने मऊ आणि गारव्याने घट्ट होतात. गुळाच्या बाबतीत मात्र हा रोजचा अनुभव उलटा पडतो. हवा गार झाली असताना तो मऊ पडतो, म्हणजे तो ‘वितळला’ असे म्हणता येणार नाही.

‘गूळ हवेतली ओल ओढून घेतो’ हे घरोघरी दिले जाणारे उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. शंभर भागांत चार-पाच भाग पाणी मुरल्याने दगडासारखी वस्तू मऊ कशी होते, हे त्यातून कळत नाही. कोल्हापूरला लागून असलेल्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत साचे करणाऱ्या कामगाराला विचारले, तर तो नेमका उलटा अनुभव सांगेल. बेंटोनाइट माती मिसळलेल्या वाळूत तेवढेच, म्हणजे शंभरात तीन-चार भाग, पाणी घातले की ती वाळू धरते, आणि साचा इतका पक्का होतो की त्यात वितळलेले लोखंड ओतता येते. एकाच शहरात, जवळपास तितक्याच पाण्याने, एक वस्तू घट्ट होते आणि दुसरी सैल पडते. वाळूत पाणी कणांच्या बाहेर, त्यांच्या सांध्यांत राहते आणि त्यांना एकमेकांकडे ओढते. गुळात ते थेट रेणूंच्या गर्दीत शिरते. त्या गर्दीत काय घडते हा ज्या शाखेचा विषय आहे तिला ‘मृदू पदार्थांचे भौतिकशास्त्र’ म्हणतात. फेस, जेल, रंग, दूध, चिखल, प्लास्टिक, काच असे सगळे पदार्थ तिच्या कक्षेत येतात, आणि या साऱ्यांना एका छत्राखाली आणून पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

गुऱ्हाळ हीच मुळात मृदू पदार्थांची प्रयोगशाळा आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. चरकातून आलेल्या उसाच्या रसात साधारण ऐंशी टक्के पाणी असते, आणि उरलेल्या भागात साखरेबरोबर प्रथिने, मेण, माती व तंतूंचे इतके बारीक कण तरंगत असतात की ते तळाशी बसत नाहीत आणि फडक्यानेही गाळले जात नाहीत. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. काहिलीखालच्या, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईखालच्या, चुलाणात चिपाड घालून जाळ केला, की गुळव्या रसात चुन्याची निवळी आणि ठेचलेल्या रानभेंडीचा चिकट रस घालतो. भेंडीचा रस बोटांत धरून ताणला की जी तार सुटते, ती साखरेच्याच जातीच्या लांबलचक साखळी-रेणूंची, म्हणजे नैसर्गिक पॉलिमरची, असते. या साखळ्या विखुरलेल्या बारीक कणांना एकमेकांशी गुंतवतात, कणांचे पुंजके होतात, आणि मळी वर येऊन झाऱ्याने काढता येते. पुढे फेस काहिलीबाहेर उसळू लागला की तेलाचे चार थेंब टाकले जातात. तेल बुडबुड्यांच्या पातळ पडद्यांत शिरून ते फोडते आणि उसळलेले आधण खाली बसते. पॉलिमर, कलिल आणि फेस यांचे हे ज्ञान या व्यवसायात पाठ्यपुस्तकांच्या फार आधीपासून आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधणाच्या शेवटच्या टप्प्यात दडलेले आहे. पाणी उडत जाते तसा पाकाचा उकळबिंदू चढत जातो, आणि म्हणूनच पाकाचे तापमान पाहून त्यात किती पाणी उरले याचा अंदाज बांधता येतो. एकशे पाच-सहा अंशांवर उतरवले तर काकवी मिळते. गूळ हवा असेल तर ११५ ते ११८ अंशांपर्यंत थांबावे लागते. तापमापकाविना काम करणारा गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी बोटांनी चाचपतो. काकवी आणि गूळ यांच्यात रसायनांचा फारसा फरक नाही. फरक आहे तो मुख्यतः दहा-बारा अंशांचा आणि थोड्याशा पाण्याचा. तरीही एक वाहते आणि दुसरा फोडावा लागतो.

पाक वाफ्यात, म्हणजे तो थंड करण्याच्या उथळ खड्ड्यात, ओतून घोटला की साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, अगदी बारीक स्फटिक धरू लागतात. साखर कारखान्यात हे स्फटिक सावकाश मोठे केले जातात आणि भोवतालचा न गोठलेला चिकट भाग यंत्रात गरगर फिरवून मोलॅसिस म्हणून वेगळा काढला जातो. गुळात काहीच काढून टाकत नाहीत. म्हणून गुळाचा रवा (ढेप) म्हणजे कोट्यवधी बारीक स्फटिक आणि त्यांच्या फटीत भरून राहिलेला, स्फटिक न बनलेला भाग, असे दुहेरी बांधकाम असते. या मधल्या भागात उरलेले सुक्रोज असते, सुक्रोज फुटून तयार झालेले ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात, क्षार असतात आणि थोडे पाणी असते. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला की सुक्रोज फुटण्याचे प्रमाण वाढते आणि त्या उसाचा गूळ नीट धरत नाही. चुना घालण्यामागे रंग आणि स्वच्छता हे हेतू आहेतच, पण रसाची आम्लता कमी करून ही फूट रोखणे हाही एक हेतू आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहे. गुळाचे टिकणे हा इथल्या शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या पैशांशी थेट जोडलेला विषय आहे.

फटीतला हा मधला भाग म्हणजे काच. खिडकीची काच वाळूपासून बनते आणि ही साखरेपासून, एवढाच दोहोंत फरक. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काच हे पदार्थाचे नाव नसून अवस्थेचे नाव आहे.

ही अवस्था समजून घेण्यासाठी कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाकडे जाणारा, नवरात्रातला महाद्वार रोड डोळ्यांसमोर आणावा. पहाटे रस्ता मोकळा असतो, लोक हवे तसे चालतात, एकमेकांना ओलांडून पुढे जातात. द्रवातील रेणू असेच असतात. गर्दी वाढत जाते तसे प्रत्येक माणसाभोवती इतर माणसांचे कडे तयार होते. जागच्या जागी थोडी चुळबुळ करता येते, पण कड्याबाहेर पडायचे तर शेजाऱ्याने सरकायला हवे, आणि त्याने सरकायचे तर त्याच्या शेजाऱ्याने. शेवटी एक वेळ अशी येते की दहा-वीस जण एकाच वेळी, एकाच अंदाजाने हलल्याशिवाय कोणीही पाऊलभर पुढे सरकू शकत नाही. आता या थांबलेल्या गर्दीचे आणि तासाभरापूर्वी संथ का होईना पुढे सरकणाऱ्या गर्दीचे छायाचित्र वरून काढले, तर दोन्ही छायाचित्रे जवळपास सारखी दिसतील. पोलीस मैदानावर रांगा धरून उभी असलेली पलटण मात्र छायाचित्रातही चटकन वेगळी ओळखू येईल. पलटण म्हणजे स्फटिक, आणि थांबलेली गर्दी म्हणजे काच. काचेतील रेणूंची मांडणी द्रवासारखीच विस्कळीत असते, तरीही काच वाहत नाही. पाणी शून्य अंशाला गोठते तेव्हा त्याची रचनाच बदलते. द्रवाची काच होते तेव्हा रचनेत डोळ्यांत भरण्यासारखे काहीच बदलत नाही, आणि हालचाल मात्र बंद पडते.

ती किती बंद पडते, हे आकड्यांत सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. मधाची श्यानता पाण्याच्या साधारण दहा हजार पट असते. जिथे द्रवाला काच म्हणायचे असा संकेत शास्त्रज्ञांनी ठरवला आहे, तिथे ती पाण्याच्या श्यानतेच्या एकावर पंधरा शून्ये इतक्या पट असते. त्या टप्प्यावर रेणूंच्या मांडणीला एकदा बदलायला शंभर-एक सेकंद लागतात. पातळ द्रवात हेच काम सेकंदाच्या अब्जांशाच्याही छोट्या भागात उरकते. आणखी दहा-वीस अंश थंड केले की शंभर सेकंदांचे दिवस होतात, दिवसांची वर्षे होतात. द्रव जिथे असा अडकतो त्या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. सोयीसाठी आपण याला ‘काचबिंदू’ म्हटले असते, पण तो शब्द डोळ्यांच्या विकाराने आधीच घेतला आहे, म्हणून इथे ‘अडकबिंदू’ म्हणू.

या वेळेच्या हिशेबाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना ऑस्ट्रेलियात आहे. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबरासारखा पिच नावाचा पदार्थ एका नरसाळ्यात भरला. हातोडीने मारला तर हा पदार्थ काचेसारखा फुटतो. १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड उघडण्यात आले, आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून अवघे नऊ थेंब सुटले. हातोडीच्या घावाच्या क्षणी घन आणि दहा वर्षांच्या हिशेबात द्रव, अशी त्याची दोन्ही रूपे खरी आहेत. मात्र यावरून एक चुकीची समजूत पसरली आहे आणि ती शिकलेल्या लोकांतही आढळते. युरोपातील जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड असतात, त्याअर्थी शेकडो वर्षांत काच खाली वाहिली असावी, अशी ती समजूत. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एडगर झानोटो यांनी १९९८ मध्ये याचा हिशेब मांडून दाखवला, की नेहमीच्या तापमानाला खिडकीची काच डोळ्यांना दिसेल इतकी वाहायला विश्वाच्या वयाहूनही अधिक काळ लागेल. जुन्या काचा बनतानाच असमान जाडीच्या बनत आणि बसवणारा बहुधा जाड बाजू खाली ठेवत असे.

आता गुळाकडे परत येऊ. पूर्णपणे कोरड्या सुक्रोजच्या काचेचा अडकबिंदू ६५ अंश सेल्सियसच्या आसपास आहे. ग्लुकोजचा साधारण ३० अंश, आणि फ्रुक्टोजचा अवघा पाचच्या जवळपास. म्हणजे कोरडे सुक्रोज आपल्या कडक उन्हाळ्यातही काचच राहील, आणि फ्रुक्टोज आपल्या थंडीतही काच होणार नाही. पाण्याचा अडकबिंदू मात्र उणे १३७ अंश इतका खाली आहे. दोन पदार्थ मिसळले की मिश्रणाचा अडकबिंदू दोघांच्या मध्ये कुठेतरी येतो, पण तो साध्या सरासरीने ठरत नाही. पाण्याचा रेणू लहान आणि चपळ असल्याने त्याचे वजन या हिशेबात चार-पाच पटीने धरावे लागते. शंभर भागांत पाचच भाग पाणी मुरले, तरी सुक्रोजच्या काचेचा अडकबिंदू ६५ वरून साधारण २० अंशांपर्यंत घसरतो. गुळाच्या मधल्या भागात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच मिसळलेले असल्याने तो त्याच्याही खाली जातो.

हे पाहिले की जुलैतल्या गुळाचे कोडे उलगडू लागते. पदार्थ घट्ट आहे की सैल, हे त्याच्या तापमानावरून एकट्याने ठरत नाही. ते तापमान अडकबिंदूच्या किती वर किंवा किती खाली आहे यावर ठरते. पावसाळ्यात हवेचे तापमान बारा-तेरा अंशांनी उतरते, पण त्याच काळात मुरलेल्या ओलीमुळे गुळाच्या मधल्या भागाचा अडकबिंदू त्याहून कितीतरी अधिक उतरतो. गुळाचे रेणू जणू उन्हात ठेवल्यासारखे मोकळे होतात, आणि हे पारा खाली असताना घडते. पाण्याचा छोटा रेणू दोन मोठ्या साखर-रेणूंच्या मध्ये शिरून त्यांची एकमेकांवरची पकड सोडवतो. महाद्वार रोडच्या गर्दीतील प्रत्येक दहा प्रौढांमागे काही जणांच्या जागी चपळ पोरे आणून सोडावीत, तसे हे आहे. प्लास्टिक लवचीक करण्यासाठी त्यात जे द्रव मिसळतात, तेही हेच काम करतात. पुढे श्रावणात आर्द्रता कित्येक दिवस सलग ८५ टक्क्यांवर राहिली की मधल्या भागाने इतके पाणी ओढलेले असते की खुद्द स्फटिकांचे काठही त्यात विरघळू लागतात, आणि मग रवा खरोखर पाझरतो. सुक्रोज फुटून झालेला फ्रुक्टोज पाण्याचा विशेष लोभी असतो, म्हणून शिळ्या उसाचा गूळ आधी पाझरतो.

याचाच एक खेळकर नमुना रंकाळा तलावाच्या चौपाटीवर मिळतो. म्हातारीचे केस म्हणून जो गुलाबी कापूस विकला जातो, तो म्हणजे जवळपास शुद्ध साखरेची काच. वितळलेली साखर फिरत्या भांड्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर फेकली जाते, तंतू क्षणात थंड होतो, आणि रेणूंना रांगा धरायला सवडच मिळत नाही. फेब्रुवारीच्या कोरड्या संध्याकाळी हा कापूस बराच वेळ फुललेला राहतो. पावसाळी हवेत काही मिनिटांतच त्याच्या कडा बसू लागतात आणि त्याचा चिकट गोळा होतो. जाड रव्याला जे घडायला आठवडे लागतात, ते या बारीक तंतूंत डोळ्यांसमोर घडताना दिसते.

इथपर्यंत जे सांगितले ते सारे पक्के आहे. यापुढचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही: रेणूंची मांडणी बदलत नसेल, तर हालचाल लाखो-कोटी पटींनी मंदावते कशामुळे? अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर कॉझमन यांनी १९४८ मध्ये यातील एक विलक्षण अडचण दाखवून दिली. द्रव थंड होत जाताना त्याचा विस्कळीतपणा स्फटिकापेक्षा वेगाने कमी होत जातो. ही उतरण तशीच पुढे ताणली, तर एका विशिष्ट तापमानाला विस्कळीत द्रव हा शिस्तीतल्या स्फटिकाइतकाच व्यवस्थित ठरेल आणि त्याखाली तर त्याहूनही अधिक. हे पटण्यासारखे नाही. मग त्याच्या आधी काहीतरी घडत असले पाहिजे. पण तिथे पोहोचण्यापूर्वीच द्रव अडकून काच होतो, त्यामुळे पडद्याआड काय आहे ते पाहता येत नाही. फिलिप अँडरसन यांच्यासारख्या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये लिहिले होते, की घन पदार्थांच्या सिद्धान्तातील सर्वांत खोल आणि रोचक असा न सुटलेला प्रश्न बहुधा काचेच्या स्वरूपाचाच आहे.

रेणू डोळ्यांना दिसत नाहीत ही मोठी अडचण होती, आणि ती ओलांडण्याची युक्ती मृदू पदार्थांच्या अभ्यासातून आली. रेणूंच्या जागी साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सत्तर-ऐंशीव्या भागाएवढे, ॲक्रिलिक प्लास्टिकचे गोल कण द्रवात सोडायचे. हे कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजता येतात, आणि द्रवाच्या रेणूंचे धक्के बसून सतत हलतही राहतात. पीटर प्यूसी आणि विल्यम व्हान मेगन यांनी १९८६ मध्ये दाखवले की अशा कणांनी जवळपास ५८ टक्के जागा व्यापली की ते काचेसारखे अडकतात. फळवाला संत्री रचतो तशी नीटस रचना केली तर ७४ टक्के जागा भरता येते, आणि टोपलीत हलवून-हलवून कशीही भरली तर ६४ टक्क्यांच्या आसपास हात टेकावे लागतात; म्हणजे अडकण्याच्या क्षणी बरीच जागा शिल्लक असते, फक्त ती कोणाच्याही एकट्याच्या उपयोगाची नसते. २००० मध्ये एरिक वीक्स, डेव्हिड वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिमितीत चित्र घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने हे कण प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा अडकू घातलेल्या गर्दीत काही कण टोळ्यांनी एकत्र सरकताना आणि उरलेले जागीच खिळलेले दिसले. गर्दी जितकी दाट, तितक्या टोळ्या मोठ्या.

या टोळ्यांची लांबी-रुंदी मोजण्याच्या कामात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे आणि मराठीत त्याबद्दल क्वचितच लिहिले जाते. स्मरजित कर्मकार, चंदन दासगुप्ता आणि श्रीकांत शास्त्री यांनी २००९ मध्ये संगणकावर गणिताने उभ्या केलेल्या काचेत ही वाढती लांबी काटेकोरपणे मोजून दाखवली. २०१५ मध्ये बंगळुरूत अजय सूद आणि राजेश गणपती यांच्या गटाने एक फार सुंदर प्रयोग केला. त्यांनी लेसर किरणांच्या चिमट्यांनी कणांची एक अख्खी ओळ जागच्या जागी पकडून ठेवली, आणि त्या खिळलेल्या भिंतीचा परिणाम आत किती अंतरापर्यंत जाणवतो ते मोजले. आपल्या रस्त्यावरच्या गर्दीत पोलिसांनी हात धरून एक कडे केले आणि त्याच्यामागे किती रांगांपर्यंत लोक थबकले हे पाहावे, तसाच हा विचार. गर्दी जशी दाटत गेली तसे हे थबकण्याचे अंतर वाढत गेले, म्हणजे वरवर विस्कळीत दिसणाऱ्या मांडणीत काहीतरी छुपी सुसंगती आकार घेत असल्याची ती खूण होती.

कॉझमन यांच्या पडद्याआड डोकावण्याचे दोन मार्गही गेल्या दोन दशकांत सापडले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क एडिगर यांच्या गटाने २००७ मध्ये द्रव थंड करून काच बनवण्याऐवजी पदार्थाची वाफ थंड पृष्ठभागावर थरथराने बसवली. नुकताच येऊन बसलेला रेणू सगळ्यात वर असतो, त्याच्या डोक्यावर गर्दी नसते, त्यामुळे खालच्यांना जी जागा शोधता येत नाही ती तो चटकन शोधतो. मग त्याच्यावर पुढचा थर बसतो. अशी काच इतकी दाट आणि स्थिर निघाली की नेहमीच्या पद्धतीने तिथवर पोहोचायला हजारो वर्षे थांबावे लागले असते. मोबाइलच्या ओलेड पडद्यांतील सेंद्रिय थरही वाफेतूनच बसवलेली काच असतात, म्हणजे हा शोध आपल्या खिशापर्यंत पोहोचतो. दुसरा मार्ग संगणकावरचा आहे. लुडोविक बेर्तिए आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लहान-मोठ्या कणांच्या मिश्रणात दोन कणांच्या आकारांची अदलाबदल करण्याची मुभा दिली. प्रत्यक्षात असे घडत नाही, पण गणिताच्या नियमांत ते बसते, आणि त्यामुळे अडकलेली गर्दी अब्जावधी पट वेगाने स्थिरावते. या युक्तीने पोहोचलेल्या थंड अवस्थांत विस्कळीतपणा कॉझमन यांनी दाखवलेल्या उतरणीप्रमाणेच घटत जाताना आढळला. जॉर्जो पारिसी यांना २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, तो अशाच विस्कळीत व्यवस्थांच्या गणितासाठी.

या ज्ञानाचा उपयोग औषधांत रोज होतो. पाण्यात सहज न विरघळणारे औषध काचरूपात बनवले तर ते लवकर विरघळते, कारण त्यातील रेणूंना स्फटिकाची पक्की पकड सोडवावी लागत नाही. मात्र गोळीने ओल ओढली की अडकबिंदू उतरतो, रेणू हलू लागतात आणि औषध हळूहळू स्फटिक बनून निकामी होऊ शकते. ओल शोषणारी छोटी पुडी बाटलीत असते ती त्यासाठी. फायझर आणि मॉडर्ना यांच्या कोविड लसींत सुक्रोज, म्हणजे आपली साखरच, घातलेली होती. लस गोठवताना बर्फाचे स्फटिक लसीतील चरबीच्या नाजूक कणांना चिरडू शकतात. साखर त्यांच्या सभोवती दाट होऊन काच बनते आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवते.

गुळाच्या शीतगृहातही हेच तत्त्व काम करते. थंडीत साठवलेल्या रव्याचे तापमान मधल्या भागाच्या अडकबिंदूच्या जवळ किंवा खाली जाते, रेणू खिळतात, आणि थोडी ओल असली तरी रवा आकार सोडत नाही. रंग काळवंडवणाऱ्या रासायनिक क्रियाही मंदावतात. धोका असतो तो बाहेर काढताना. ऐन पावसाळ्यात थंडगार रवा उघड्यावर आणला, तर गार पाण्याच्या पितळी तांब्याला बाहेरून घाम यावा तसे दव त्याच्या अंगावर धरते, आणि ते पाणी सरळ फटींतल्या काचेत मुरते. वेष्टन बंद ठेवूनच रवा बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ दिला, तर तेच दव प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला धरते आणि फडक्याने पुसून टाकता येते. घरी गूळ फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांनीही डबा काढल्याबरोबर उघडू नये. ओट्यावर तासभर झाकण लावून राहू द्यावा आणि मग लागेल तेवढा खडा कोरड्या सुरीने काढून झाकण घट्ट लावावे.